वाळूचा ढीग आणि खेळाचा तास

शाळेला काही द्यावयाचे ठरले, की मंडळाच्या बैठकीत पहिला विचार होतो तो वस्तूचा. भिंतीवरचे घड्याळ द्यावे, पिण्याच्या पाण्याची टाकी द्यावी, पुस्तके द्यावीत, अशी एकेक सूचना पुढे येते. अलीकडे त्या यादीत खेळाचे साहित्यही येऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. लहान मुलाला अक्षर जितके लागते तितकेच पळणे, उडी मारणे, झेलणे आणि तोल सावरणेही लागते. आणि ते शिकावयाचे तर हाताशी चेंडू, दोरी, रिंग असे काहीतरी हवे. तेव्हा शाळेला खेळाचे साहित्य देणे हे सत्कार्य खरेच.

पण देऊन झाल्यावर त्या साहित्याचे पुढे काय होते, याची विचारपूस आपण फारशी करीत नाही. माझ्या पाहण्यातील एका प्राथमिक शाळेत देणगीदाखल आलेले चेंडू आणि रिंगा वर्षभराने पाहिल्या, तेव्हा त्या कपाटात, मूळच्या पिशवीतच होत्या. चेंडूंतील हवा उतरली होती. “हरवले तर भरून कोण देणार?” असे तेथील बाईंचे म्हणणे, आणि एकट्याने पन्नास मुले सांभाळणाऱ्या बाईंना तसे म्हणण्याचा हक्कही होता. देणाऱ्याची भावना चांगली होती, बाईंची काळजी रास्त होती, आणि मुले मात्र खेळली नव्हती. असे का व्हावे? दिलेल्या साहित्याने शाळेतील शारीरिक शिक्षण खरोखर संपन्न व्हावयाचे, तर त्याबरोबर आणखी काय द्यावे लागते?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका दूरच्या शहराचा इतिहास फार उपयोगी वाटला. ते शहर म्हणजे अमेरिकेतील बोस्टन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील स्त्रियांनी शाळेतील मुलांच्या खेळासाठी व व्यायामासाठी जे दिले, ते कशा रीतीने दिले, हे पाहण्यासारखे आहे. त्या शहराचे आपल्याकडील स्त्रीशिक्षणाशीही जवळचे नाते आहे. ते ओघाने पुढे येईलच.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. व्यायामाची मोठमोठी साधने उभारून तरुणांना शिकवावयाचे, ही पद्धत जर्मनीत वाढली. १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान यांनी बर्लिनजवळ हासेनहाइडे येथे उघड्यावर व्यायामभूमी सुरू केली. आडवा दांडा आणि समांतर दांडे यांवरील व्यायाम तेथून प्रसिद्धीस आले. त्यांच्या परंपरेत तयार झालेले चार्ल्स बेक हे अमेरिकेत गेले आणि १८२५ साली नॉर्दॅम्प्टन गावच्या राउंड हिल नावाच्या शाळेत त्यांनी तशीच साधने उभी केली. हे सारे चांगलेच होते. पण साधने जड, खर्चाची आणि मुख्यतः धडधाकट मुलग्यांसाठी. लहान मुले, अशक्त मुले आणि मुली यांना त्यांत फारशी जागा नव्हती. ज्याच्या दंडात आधीच बळ आहे त्याचे बळ वाढावे, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे त्याने कडेला उभे राहून पाहावे, असा तो प्रकार झाला.

ही उणीव ज्यांच्या ध्यानात आली त्यांत डॉ. डायो लुईस यांचे नाव घेतले पाहिजे. १८६० साली ते बोस्टनला आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था काढली. तीत पुरुषांबरोबर स्त्रियांनाही प्रवेश होता. १८६२ साली त्यांचे नव्या व्यायामपद्धतीवरील पुस्तक निघाले. लाकडी कड्या, हलके लाकडी डंबेल, काठ्या आणि दाण्यांनी भरलेल्या कापडी पिशव्या, एवढ्यावर त्यांची सारी पद्धत उभी होती. पिशव्यांची कल्पना त्यांना रबरी चेंडूंचे खेळ बसविताना सुचली. गादीच्या खोळीचे जाड कापड घ्यावे, पिशवी शिवावी, तीत घेवड्याचे दाणे भरावेत आणि मुलांनी ती एकमेकांकडे फेकावी व झेलावी, इतकी ही साधी गोष्ट.

साधी, पण मोठ्या शहाणपणाची. पिशवी उसळत नाही, घरंगळत जात नाही. हातात पडली की हाताच्या आकाराप्रमाणे बसते. चेंडू तोंडावर येईल या भीतीने डोळे मिटणारे मूल पिशवीला भीत नाही. डोळे उघडे ठेवून दोन्ही हात पुढे करणे हा झेलण्याचा पहिला पाठ, आणि तो त्या पिशवीवर सहज होतो. शिवाय ती घरच्या घरी शिवता येते, म्हणून वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक याप्रमाणे देता येते. आजही जगभरच्या प्राथमिक शाळांत या पिशव्या वापरात आहेत. शाळेला खेळाचे साहित्य द्यावयास श्रीमंतीच हवी असे नाही, याची ही उत्तम साक्ष.

आता मुख्य कथेकडे वळू. डॉ. मेरी झाकशेव्स्का या मूळच्या बर्लिनच्या. १८२९ साली त्यांचा जन्म झाला. तेथे सुईणीचे शिक्षण घेऊन त्या १८५३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८५६ साली डॉक्टर झाल्या. १८६२ साली बोस्टनमध्ये त्यांनी स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय स्थापन केले. स्त्रियांनी डॉक्टर व्हावे की नाही यावरच जेथे वाद होत, त्या काळातली ही हकीकत आहे. १८८५ साली त्या बर्लिनला गेल्या असता त्यांनी तेथील सार्वजनिक बागांत वाळूचे ढीग टाकलेले पाहिले. श्रीमंतांची आणि गरिबांची मुले त्या वाळूत एकत्र खेळत होती. त्यांनी ही गोष्ट बोस्टनला पत्राने कळविली. पत्र गेले ते तेथील स्त्रियांनी चालविलेल्या एका आरोग्यविषयक संस्थेकडे. मॅसॅच्युसेट्स इमर्जन्सी अँड हायजीन असोसिएशन हे तिचे नाव. संस्थेच्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या केट गॅनेट वेल्स.

बोस्टनचा नॉर्थ एंड हा भाग तेव्हा परदेशांतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांनी गजबजलेला होता. गल्ल्या अरुंद, घरे दाटीची. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना रस्त्याखेरीज जागा नाही. त्या भागात पार्मेंटर रस्त्यावर एक प्रार्थनामंदिर होते. त्याच्या अंगणात १८८५ च्या उन्हाळ्यात या स्त्रियांनी वाळूचा एक ढीग टाकविला. जुलै व ऑगस्ट महिन्यांत सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सरासरी पंधरा मुले तेथे येत. हातात लाकडी लहान फावडी. वाळूचे लाडू-वड्या करावयाच्या, गाणी म्हणावयाची, रांगेने कवायतीसारखे फिरावयाचे, आणि कालचे मोडले म्हणून न खंतावता आज पुन्हा नवे रचावयाचे. देखरेखीला एक बाई असत.

एवढा हा प्रारंभ. पंधरा मुले, एक ढीग, एक बाई. परंतु अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगणांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक या ढिगापासून आरंभ करतात. पुढील दोन-तीन वर्षांत अशा ‘वाळूच्या बागा’ वाढत गेल्या. सुट्टीत ओस पडणारी शाळांची अंगणे त्यासाठी मिळू लागली. वाळूच्या जोडीला इतर खेळणी आली, मोठ्या मुलांसाठी खेळ आले.

येथे एका गोष्टीकडे भगिनींचे लक्ष वेधावेसे वाटते. १८८७ सालापासून संस्थेने या वाळूच्या बागांवर पगारी देखरेख करणाऱ्या बायका नेमल्या. पुढे तर बालोद्यानाचे शिक्षण घेतलेल्या शिक्षिका त्या कामावर येऊ लागल्या. वाळू काही महाग नव्हती. खरा खर्च होता तो वाळूजवळ उभे राहणाऱ्या माणसाचा. तो खर्च करावयाचा असे त्या स्त्रियांनी ठरविले, म्हणून तो ढीग टिकला. नाहीतर दांडगट मुलांनी लहानांना हुसकून लावले असते, फावडी चार दिवसांत नाहीशी झाली असती, आणि पावसाळी चिखलाबरोबर दात्यांचा उत्साहही वाहून गेला असता. शतक संपता संपता शहराच्या तिजोरीतून या कामासाठी पैसा मिळू लागला. स्त्रियांनी चालवून दाखविलेले काम शहराने आपले मानले.

याच शहरात, याच वर्षांत, मेरी हेमेनवे नावाच्या बाई शाळांसाठी निराळ्या रीतीने काम करीत होत्या. त्यांचा जन्म १८२० सालचा. पती ऑगस्टस हेमेनवे हे जहाजांच्या व्यापारात मोठे धनवान. १८७६ साली ते वारले. त्याच वर्षी बोस्टनमधील ओल्ड साउथ हे ऐतिहासिक सभागृह पाडले जाणार होते. ते वाचविण्यासाठी बाईंनी एक लाख डॉलर दिले. म्हणजे पैसा देण्याची त्यांना ददात नव्हती. पण शाळांच्या बाबतीत त्या नुसता पैसा देऊन थांबत नसत. त्यांची एक ठराविक रीत होती. १८६५ साली त्यांनी एका सरकारी शाळेत मुलींना शिवणकाम शिकविण्याची सोय करून दिली. १८८५ साली सरकारी शाळेत स्वयंपाक शिकविण्यासाठी स्वयंपाकघर काढून दिले. ते चालते आहे, मुली शिकत आहेत, हे लोकांना दिसले, तेव्हा १८८८ साली बोस्टनच्या शिक्षणसमितीने ते आपल्याकडे घेतले. आधी स्वतःच्या खर्चाने करून दाखवावयाचे, मग ते लोकांच्या स्वाधीन करावयाचे, ही ती रीत.

नंतर त्यांचे लक्ष मुलांच्या शरीराकडे वळले. तासन् तास बाकावर वाकून बसणारी, दबलेल्या छातीची, पोक काढून चालणारी मुले त्या वेळी सर्वत्र दिसत. आता त्यांच्या घरचाच एक दाखला त्यांच्यापुढे होता. त्यांचे चिरंजीव ऑगस्टस यांनी हार्वर्ड विद्यापीठाला भव्य व्यायामशाळा बांधून दिली होती. १८८० च्या सुमारास ती सुरू झाली. डॉ. डडली सार्जंट यांनी तीत कप्प्या, दोर आणि वजने लावून तयार केलेली कितीतरी यंत्रे बसविली. अमेरिकेत त्या व्यायामशाळेचे मोठे नाव झाले. आईनेही तसेच एखादे दालन प्राथमिक शाळांना बांधून द्यावे, असे कोणीही म्हटले असते.

बाईंनी तसे केले नाही. शहरात प्राथमिक शाळा अनेक, मुले हजारो. एका दालनात ती कशी मावणार? त्यांनी निवड केली ती स्वीडनच्या पद्धतीची. पेर हेनरिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या संस्थेतून ती पद्धत निघाली होती. तिच्यात भिंतीवरच्या दांड्या, बाके, दोर अशी साधने आहेत; पण साधने नसली तरी वर्गातल्या वर्गात, बाकांच्या मधल्या जागेत उभे राहूनही तिचे पुष्कळ व्यायाम करता येतात. मान, खांदे, पाठ, पोट, पाय, श्वास असा एकेका अवयवाचा क्रम लावलेला असतो. गरिबातल्या गरीब शाळेलाही ते परवडण्यासारखे होते. उणीव एकच होती. ते शिकविणार कोण?

१८८९ साली बाईंनी शिक्षणसमितीपुढे प्रस्ताव ठेवला, की सरकारी शाळांतील शंभर शिक्षकांना ही पद्धत आपण आपल्या खर्चाने शिकवितो. फक्त शिकलेले त्यांना आपापल्या वर्गात वापरू द्यावे. या शर्तीतील मर्म पाहण्यासारखे आहे. शर्त आपल्या नावाच्या पाटीची नव्हती, समारंभाची नव्हती. शिकलेल्या शिक्षिकेला वर्गात वेळ मिळावा, एवढीच ती होती. देणगी वाया जाते ती बहुधा वेळेअभावी, हे त्या बाईंना कळत होते.

त्याच वर्षी त्यांनी बोस्टनमध्ये व्यायामशिक्षिका तयार करणारे विद्यालय स्थापन केले. बोस्टन नॉर्मल स्कूल ऑफ जिम्नॅस्टिक्स हे त्याचे नाव. स्वीडनचे बॅरन निल्स पॉसे हे तेथले आरंभीचे शिक्षक. विद्यालयाची सूत्रे त्यांनी एमी मॉरिस होमन्स या बाईंच्या हाती दिली. तेथे नुसत्या हातापायांच्या हालचाली शिकवीत नसत; शरीररचना आणि शरीराचे व्यापार यांचेही शिक्षण असे. १८८९ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनला शारीरिक शिक्षणावर मोठी परिषद भरविण्यात आली. तीतही हेमेनवेबाईंचाच पुढाकार होता. जर्मन पद्धत बरी की स्वीडिश, यंत्रे हवीत की नकोत, यावर जाणत्यांनी तेथे मोकळेपणाने वाद घातला. पुढल्याच वर्षी, १८९० साली, बोस्टनच्या सरकारी शाळांत लिंग यांची पद्धत सुरू करण्याचा ठराव शिक्षणसमितीने केला. बाईंचा हेतू सिद्धीस गेला.

१८९४ साली बाई वारल्या. आपल्यामागे विद्यालय पंधरा वर्षे चालावे अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती. ती मुदत संपली तेव्हा, १९०९ साली, ते विद्यालय वेल्स्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात विलीन झाले आणि पुढे चालू राहिले. देणगी कोठे सुरू होईल याचा विचार पुष्कळ जण करतात. ती कोठे संपेल आणि नंतर तिचा भार कोण घेईल, याचा विचार करणारे थोडे. हेमेनवेबाई त्या थोड्यांपैकी होत्या.

या विद्यालयाचा एक लाभ सांगितल्यावाचून राहवत नाही. लिथुआनियातून आलेल्या एका कुटुंबातील सेंडा बेरेन्सन नावाची मुलगी १८९० साली तेथे दाखल झाली. प्रकृती इतकी नाजूक, की आरंभीचे व्यायामही तिला झेपत नसत. दोन वर्षांत तीच मुलगी सुदृढ होऊन स्मिथ महाविद्यालयात व्यायामशिक्षिका झाली. हे महाविद्यालय त्याच नॉर्दॅम्प्टन गावी आहे, जेथे बेक यांनी मुलग्यांसाठी साधने उभारली होती. १८९१ च्या डिसेंबरात जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी पीच या फळांच्या दोन टोपल्या भिंतीला ठोकून बास्केटबॉलचा खेळ रचला होता. बेरेन्सनबाईंनी त्याचे वर्तमान वाचले आणि १८९२ साली आपल्या विद्यार्थिनींसाठी नियम बदलून तो सुरू केला. खेळातील धसमुसळेपणा कमी व्हावा आणि एकाच मुलीकडे चेंडू राहू नये म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग केले. १९८५ साली नेस्मिथ यांच्या नावाच्या बास्केटबॉल स्मृतिदालनात त्यांना मानाचे स्थान मिळाले. दोन टोपल्या आणि एक चेंडू, हे साहित्य कोठेही मिळाले असते. ते मुलींच्या हाती नेऊन देणारी शिक्षिका मात्र कोणीतरी आधी घडवावी लागली होती.

वाळूच्या ढिगाच्या स्त्रियाही स्वस्थ बसल्या नव्हत्या. बोस्टन शहराने चार्ल्स नदीच्या काठी १८८९ साली पुरुष व मुलगे यांच्यासाठी उघडी व्यायामभूमी केली होती. १८९१ साली तेथेच स्त्रिया व मुली यांचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि तो चालविण्याची जबाबदारी याच संस्थेने घेतली. झोपाळे, शिड्या, धावण्याची वाट आणि लहानग्यांसाठी अर्थात वाळू, असे सर्व तेथे होते.

आता आपल्याकडील नात्याविषयी. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यानंतर रमाबाई १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी फ्रबेल यांच्या बालोद्यानपद्धतीचा अभ्यास केला. खेळणे आणि वस्तू हाताळणे यांतून लहान मुलाने शिकावे, हेच त्या पद्धतीचे सूत्र. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथेच रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदुस्थानातील विधवांसाठी रमाबाई जी शाळा काढतील तिचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे तिने अंगावर घेतले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. अमेरिकेत पाहिलेले रमाबाईंनी १८८९ सालच्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात लिहून ठेवले आहे.

ज्या शहराने आपल्या गल्लीतील मुलांना वाळू दिली, त्याच शहराने त्याच दशकात मुंबईतील विधवांच्या शाळेला आधार दिला, हा निव्वळ योगायोग मानवत नाही. दोहोंत रीत एकच आहे. एकदा रक्कम दिली आणि मोकळे झाले, असे नाही. दहा वर्षांचे वचन, त्यासाठी गावोगाव वर्गणी, आणि काम करणारी व्यक्ती समोर. शारदा सदनाला पाटी-पुस्तके मिळाली असती आणि रमाबाई नसत्या, तर काय झाले असते?

हे सारे वर्णन वाचून बोस्टनमध्ये सर्व काही निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. लिंग यांच्या पद्धतीतील व्यायाम वर्गात शिकविताना बरेचदा नुसती हुकमाची कवायत होई. हात वर, हात खाली, डावा पाय पुढे. मूल सरळ उभे राहावयास शिके, पण त्याच्या तोंडावर हसू नसे. विसाव्या शतकात शाळांतून ही कवायत मागे पडत गेली आणि खेळांनी तिची जागा घेतली. उलट नुसत्या वाळूतल्या खेळाने वाकलेली पाठ सरळ होत नाही, हेही खरे. एकीकडे मनमुराद खेळ आणि दुसरीकडे पद्धतशीर शिक्षण. चांगल्या शाळेला दोन्ही लागतात. आपल्याकडील लेझीम पाहावी. तीत ठेका आहे, शिस्त आहे, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सर्वांगाला व्यायाम आहे, आणि आनंदही आहे. परंतु लेझीमसुद्धा शिकविणारा नसेल तर खिळ्याला टांगलेलीच राहते.

आता आपल्या काळाकडे येऊ. बोस्टनच्या शाळांना १८८५ साली जे हक्काने मिळत नव्हते, ते आपल्या शाळांना आज कागदोपत्री तरी मिळालेले आहे. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना द्यावयाच्या वस्तूंच्या यादीत उड्या मारण्याच्या दोऱ्या, चेंडू, रिंगा आणि चेंडूत हवा भरण्याचा पंपसुद्धा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य पुरविण्याचे, तसेच शाळेला क्रीडांगण असण्याचे बंधन आहे. २०१८ सालच्या समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५००० रुपये आणि उच्च प्राथमिक शाळेला १०००० रुपयांपर्यंत रक्कम ठरविण्यात आली. म्हणजे सरकारी शाळेला वस्तू देणे हे आता मुळात सरकारचे कर्तव्य आहे. शाळेने ते मागावे आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत त्याविषयी विचारावे, हे पहिले काम.

मग मंडळाने करावयाचे काय राहिले? माझ्या मते पुष्कळ राहिले, आणि जे राहिले ते बायकांना चांगले साधण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट पुरेसेपणाची. पन्नास मुलांत एक फुटबॉल दिला, की दहा दांडगी मुले खेळतात आणि चाळीस पाहतात. त्या चाळिसांत बहुतेक मुली असतात. त्यापेक्षा पन्नास दाण्यांच्या पिशव्या द्याव्यात. सहा इंच लांबीरुंदीची जाड कापडाची पिशवी, दुहेरी शिवण, आत चांगले वाळविलेले चिंचोके किंवा धान्य. मंडळातील शिवणाच्या दोन दुपारी त्याला पुरतील. प्रत्येकाच्या हातात एक वस्तू आली, की रांगेत उभे राहण्यात तास जात नाही. नेम धरणे, झेलणे, डोक्यावर ठेवून तोल सांभाळत चालणे, असे कितीतरी खेळ एकाच पिशवीवर होतात.

दुसरी गोष्ट भरपाईची. साहित्य देतानाच मंडळाने शाळेला लिहून द्यावे, की वापराने फाटले, तुटले, हरवले, तर शिक्षकांना जाब विचारला जाणार नाही. दर सहामाहीला मंडळ पाहून जाईल आणि उणे असेल ते भरून देईल. झिजलेली दोरी हा शाळेचा दोष नसून तिच्या वापराची पावती आहे. हे एक पत्र कपाटाचे कुलूप उघडावयास जितके उपयोगी पडेल तितकी आणखी कोणतीही वस्तू पडणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. प्राथमिक शाळेत खेळासाठी स्वतंत्र शिक्षक क्वचितच असतो. आपल्या भगिनींत लेझीम, फुगडी, लंगडी, खो-खो यांत वाकबगार असलेल्या कितीतरी जणी आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि वर्गशिक्षिकेच्या सोबतीने आठवड्यातून एक तास दोघींनी जाण्याचा नियम वर्षभर पाळला, तर पार्मेंटर रस्त्यावरच्या त्या बाईंचे काम आपल्याही हातून होईल. शिक्षिकेला बाजूला सारावयाचे नाही; तिच्या हाताला हात द्यावयाचा. वर्षअखेरीस तो तास तिने स्वतः घ्यावा, आणि आपण मागे सरावे. हेमेनवेबाईंनी स्वयंपाकघर ज्या भावनेने समितीच्या हवाली केले, तीच भावना येथे हवी.

वाळूचा ढीगही अवघड नाही. शाळेच्या अंगणाच्या कोपऱ्यात विटांचा कठडा, आत चाळलेली स्वच्छ वाळू, रात्री कुत्र्या-मांजरांपासून वर झाकण, पावसाळ्यात पाणी निघून जाण्यास वाट, आणि दरवर्षी वाळूची भर. पहिली-दुसरीच्या मुलांना उड्या मारण्यास, खोदण्यास, हाताबोटांना वळण लावण्यास तो पुरेसा आहे. त्याला उद्‌घाटनाचा नारळ फोडला नाही तरी चालेल. रोज सकाळी वाळू खालीवर करून काचकूच निवडणारे कोणीतरी मात्र ठरलेले पाहिजे.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळ शेजारच्या शाळेला काही द्यावयाचे ठरवीत असेल, तर वस्तूंच्या यादीशेजारी आणखी दोन रकाने आखावेत, असे मी सुचविते. एका रकान्यात त्या वस्तूजवळ कोण उभे राहणार त्या भगिनीचे नाव, आणि दुसऱ्यात किती दिवस ते. तीनही रकाने भरता येतील तेवढेच साहित्य यंदा द्यावे. यादी लहान होईल, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. बोस्टनच्या स्त्रियांनी पंधरा मुलांपासून सुरुवात केली होती. आपल्या पहिल्या तासाला तितकी मुले तर सहज येतील.